दारावरचा ‘उप’

शुक्रवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी उपव्यवस्थापक परीक्षण कक्षातून आपल्या खोलीकडे परतले, तेव्हा दारावर ‘उप’ नव्हता. ‘व्यवस्थापक’ होता, पितळी, ठळक आणि नुकताच घासल्यासारखा लखलखीत. त्याच्या डाव्या बाजूला, जिथे ती दोन अक्षरे अकरा वर्षे चिकटून बसली होती, तिथे लाकडाचा एक फिकट तुकडा आणि स्क्रूची दोन भोके तेवढी उरली होती.

उपव्यवस्थापकांनी मागे पाहिले, पुढे पाहिले. मग चष्मा काढून रुमालाने पुसला आणि पुन्हा वाचले. चष्म्याचा दोष नव्हता.

या घटनेचे वजन कळायचे तर त्या कारखान्याची रीत ठाऊक असायला हवी. कारखाना वजनकाट्यांचा. तो ज्यांनी उभारला ते गृहस्थ कमालीचे काटकसरी होते. माणसाचे पद आज एक तर उद्या दुसरे. प्रत्येक वेळी नवी पाटी ओतणे हा त्यांच्या मते शुद्ध उधळेपणा होता. मूळ शब्द एकदाच ओतावा आणि दाराला कायमचा ठोकावा. त्याच्या पुढेमागे जे लागेल ते स्क्रूने लावता यावे आणि काढता यावे. त्यासाठी भांडारात एक चपटी पेटी होती. तिच्या कप्प्यांत ‘उप’, ‘सह’, ‘महा’ अशी डोकी आणि ‘क्षक’, ‘क्षिका’, ‘पिका’, ‘पाल’ अशी शेपटे नीट मांडून ठेवलेली असत. शिरोरेषेला शिरोरेषा अशी बेमालूम भिडे की जोड कुठे आहे ते नखाने चाचपल्याखेरीज कळू नये.

व्याकरण शब्द जिथे तोडते तिथेच पितळ तुटते असे नाही, त्यामुळे काही तुकडे विद्वानांना खटकतील असे पडले होते. शिवाय ‘उप’च्या शेजारी ‘अधीक्षक’ आला, की दोघांचे मिळून ‘उपाधीक्षक’ होते. मधला ‘अ’ विरघळून जातो. पितळ असे विरघळत नाही. संस्थापकांनी यावर फार विचार केला आणि अखेर ते पदच निर्माण केले नाही. परीक्षण कक्षाला आजतागायत उपाधीक्षक मिळालेला नाही, त्याचे कारण एवढेच.

दुसरी रीत याहून कडक होती. बढती असो की पायउतार, ती कोणी तोंडाने सांगायची नाही. शुक्रवारी दुपारी दारावरचा तुकडा निघायचा किंवा लागायचा, आणि पत्र सोमवारी यायचे. मधल्या काळात त्या विषयावर चकार शब्द काढणे हे वाईट वळणाचे लक्षण मानले जाई. दार बोलेल, माणसांनी गप्प बसावे, असा संस्थापकांचा दंडक होता, आणि ते गेल्यावरही तो पाळला जात होता.

तेव्हा उपव्यवस्थापकांनी त्या फिकट लाकडाकडे पाहून जो अर्थ काढला, तो त्या इमारतीतल्या कोणीही काढला असता. व्यवस्थापकांची जागा सात महिने रिकामी होती. दिवस शुक्रवार होता. वेळ दुपारची होती.

प्रत्यक्षात झाले होते ते असे: भांडारपाल नवे होते. त्यांना रुजू होऊन जेमतेम आठवडा झाला होता आणि त्यांना पितळ काळवंडलेले खपत नसे. त्यांनी बाहेरून एक मिस्त्री बोलावला. ठोकलेले शब्द जागच्या जागी घासून घेतले, आणि सुटणारे तुकडे काढून दोन दिवस पॉलिशच्या पाण्यात भिजत घालायला पाठवून दिले. सुटणारे तुकडे लावलेली दारे अख्ख्या कारखान्यात तीनच होती; खुद्द भांडारपालांचा ‘पाल’ अजून पेटीतच होता. त्या तुकड्यांवर दाराआडची माणसे जगतात, हे भांडारपालांना आठवडाभरात सांगणार कोण?

उपव्यवस्थापक खोलीत गेले आणि खुर्चीवर बसले. खुर्ची तीच होती, पण ते तिच्यात जरा मागे रेलून बसले.

सोमवारपर्यंत तोंड उघडायचे नाही असा निश्चय करून ते घरी गेले. हा निश्चय जेवणाच्या ताटापर्यंत टिकला.

“काय झालंय?” आईंनी विचारले. आईंना सत्त्याहत्तरावे लागले होते, आणि मुलाचा चेहरा वाचण्याचा त्यांना पन्नास वर्षांचा सराव होता.

“कुठे काय?”

“घास मोजून खातोयस. मघापासून दोनदा ‘पाणी आणा’ म्हणालास. आणा! या घरात कोणाला रे आणा म्हणतोस तू?”

पत्नीने हातातली वाटी खाली ठेवली. “अहो, बोला की.”

“सोमवारपर्यंत बोलता येत नाही.”

“नोकरी गेली!”

“नोकरी कशाला जातेय? ‘उप’ गेला.”

पत्नीने हळूच विचारले, “गेला म्हणजे? दारावरनं?”

“दारावरनं. पण हे कोणाला सांगायचं नाही हं. ऑफिसचा नियम आहे.”

“ऑफिसचा ना?” आई गुडघ्यावर हात टेकत उठल्या. “मग ऑफिसनं पाळावा.” आणि त्यांनी फोन गाठला.

आईंनी पहिला फोन साडूंच्या घरी केला, तो उगीच नव्हे. उपव्यवस्थापकांचे साडू, म्हणजे त्यांच्या मेहुणीचे यजमान, एका विमा कंपनीत विभागप्रमुख होते. अकरा वर्षे, जिथे म्हणून चार माणसे जमतील तिथे, “आणि हे आमचे उपराव,” अशी ओळख करून देऊन ते स्वतःच आधी हसत. उपव्यवस्थापकही हसत. आई कधी हसल्या नव्हत्या.

“हॅलो, मी बोलतेय,” आई म्हणाल्या. “काही विशेष नाही हो, सहज. उपरावांची चौकशी करत असता ना तुम्ही नेहमी? म्हटलं कळवावं. ते आता इथे राहत नाहीत.”

ताटे उचलली जाईपर्यंत असे अकरा फोन झाले होते.

शनिवारी कारखाना अर्धा दिवस चाले. व्यवस्थापक, म्हणजे शुक्रवारपर्यंतचे उपव्यवस्थापक, इस्त्रीचा शर्ट घालून निघाले ते एक काम मनाशी पक्के करूनच. दोनशे काट्यांचा एक माल दुपारी बारा वाजता एका ठोक व्यापाऱ्याकडे रवाना व्हायचा होता. हे काटे पाच किलोला बारा ग्रॅम जास्त दाखवत. म्हणजे दुकानदार खूश, आणि गिऱ्हाइकाच्या पिशवीत दर पाच किलोमागे बारा ग्रॅम कमी. परीक्षण कक्षाने हे दोन महिन्यांपूर्वीच वहीत नोंदवले होते. उपव्यवस्थापकांनी त्यावर आपल्या हस्ताक्षरात ‘विचारार्थ सादर’ असे लिहिले होते. उपव्यवस्थापकाला तेवढेच लिहिता येते. ‘थांबवा’ हा शब्द लिहिण्याचा अधिकार व्यवस्थापकाचा, आणि व्यवस्थापकाची जागा तर रिकामी. कागद वर गेला, तो वरच राहिला.

परीक्षण कक्षाच्या अधीक्षिका बाई पंचावन्नाच्या, काटक, आणि कामाशिवाय न बोलणाऱ्या होत्या. त्यांच्या कक्षाचे दार दिवसभर सताड उघडे असे, त्यामुळे पाटीचे तोंड कायम भिंतीकडे.

“बाई, त्या दोनशे काट्यांची वही द्या,” व्यवस्थापक म्हणाले. “माल थांबवायचाय.”

बाईंनी चष्म्यावरून पाहिले. “कोणाच्या सहीनं?”

“माझ्या.”

बाईंनी भिंतीकडे वळलेल्या आपल्या दाराकडे एकदा पाहिले. काहीतरी बोलाव्यात तसे त्यांचे ओठ हलले. मग त्यांनी वही उघडून पुढे सरकवली आणि आपल्या खिशातले पेनही दिले.

“घ्या,” त्या म्हणाल्या. “हे चांगलं चालतं.”

व्यवस्थापकांनी ‘थांबवा’ लिहिले. तीनच अक्षरे, पण त्यांनी ती दोनदा वाचली, आणि ‘ठीक झाले’ असे स्वतःशीच म्हणत ते वरच्या मजल्यावर निघाले. व्यापाऱ्याला जाणाऱ्या पत्रावर महाव्यवस्थापकांचीही सही लागणार होती. खरी लढाई तिथेच होती. महाव्यवस्थापकांचा आवाज जिन्याच्या खालच्या पायरीपर्यंत ऐकू येत असे, आणि रवाना व्हायचा माल थांबवा म्हणणाऱ्याला ते कसे वागवतात हे सगळ्यांनी पाहिलेले होते.

वरच्या दारापाशी व्यवस्थापक थबकले. दारावर ‘महा’ नव्हता. नुसता ‘व्यवस्थापक’ होता, तोही लखलखीत.

त्यांना एकदम गलबलून आले. आपला ‘उप’ काढून नेणाऱ्या हातांनी यांचा ‘महा’ही नेला! एकाच शुक्रवारी एक माणूस वर चढला आणि दुसरा खाली उतरला, आणि दोघेही एकाच पायरीवर येऊन उभे राहिले. त्यांनी दारावर टकटक केली, नेहमीपेक्षा हळू.

“या,” आतून आवाज आला. हा आवाज दारापर्यंत कसाबसा पोचला.

महाव्यवस्थापक खिडकीकडे तोंड करून बसले होते. शुक्रवारी पाच वाजता घरी जाताना त्यांनी आपले दार पाहिले होते आणि त्यानंतर त्यांच्या पोटात अन्न गेले नव्हते. कारखान्याच्या मालकीणबाईंना आपले काय खटकले, याचा शोध त्यांनी शुक्रवारची संध्याकाळभर घेतला होता, आणि प्रामाणिकपणे पाहता त्यांना बऱ्याच गोष्टी सापडल्या होत्या.

“बसा,” ते म्हणाले. अकरा वर्षांत ते प्रथमच ‘बसा’ म्हणाले होते.

व्यवस्थापक खुर्चीच्या कडेवर टेकले. महाव्यवस्थापकांनी टेबलावरचा कागददाबा उगीच सरळ केला.

“तुम्हाला... दिसलं असेल,” महाव्यवस्थापक म्हणाले.

“दिसलं, साहेब.”

“सगळ्यांना दिसलं असेल.”

“दिसलं तरी कोणी बोलणार नाही, साहेब. आपल्याकडे ती पद्धत नाही.”

“ते एक बरं आहे.” महाव्यवस्थापकांनी खुर्ची जरा पुढे ओढली. “तुमचंही मी पाहिलं. काल खालनं जाताना.”

“मी काही मागितलं नव्हतं, साहेब.”

“छे हो. मागून मिळत नाही, आणि मागून जात पण नाही.” ते जरा हसले. “तुमचा चेहरा का उतरलाय पण? तुम्ही तर आनंदात असायला हवं.”

“तुमच्याकडे बघून आनंद नाही होत, साहेब.”

हे ऐकून महाव्यवस्थापकांचे डोळे पाणावले. त्यांनी कागददाबा उचलला, फिरवला आणि परत ठेवला. एवढा सुस्वभावी माणूस अकरा वर्षे आपल्या जिन्याखाली बसला होता आणि आपण त्याला ‘ए’ शिवाय हाक मारली नाही, या विचाराने त्यांना खरोखर वाईट वाटले.

“काय आणलंत?” त्यांनी विचारले.

“ते दोनशे काटे. थांबवायचे म्हणतो. पाच किलोला बारा ग्रॅमची चूक आहे.”

गुरुवारी हेच वाक्य कोणी उच्चारले असते, तर खिडक्यांच्या काचा हादरल्या असत्या. महाव्यवस्थापकांनी कागद जवळ ओढला, शेवटपर्यंत वाचला, आणि मान हलवली.

“बरोबर आहे तुमचं. हे थांबायलाच हवं. मी सही करतो, पण...” ते अडखळले. “कोणत्या नात्यानं करू?”

दोघांनी एकमेकांकडे पाहिले. मग महाव्यवस्थापकांनी पेन उचलले, सही केली आणि खाली स्वच्छ अक्षरात लिहिले: ‘व्यवस्थापक’. तीच ओळ व्यवस्थापकांनीही शेजारी लिहिली. शिपायाने साडेअकराला पत्र व्यापाऱ्याकडे पोचवले, ट्रक फाटकातून माघारी वळला, आणि पत्राची एक प्रत शिरस्त्याप्रमाणे मालकीणबाईंच्या घरी गेली.

रविवारी साडू सपत्नीक चहाला आले. दारातूनच त्यांनी हात जोडले. “या या, व्यवस्थापकसाहेब!”

“तुम्ही आलात, तेव्हा ‘या’ आम्ही म्हणायचं,” आई म्हणाल्या.

साडू बसले. त्यांनी चहात साखर घातली आणि ती बराच वेळ ढवळत राहिले. “ऑर्डर पाहायला मिळेल का हो? म्हणजे आपलं कौतुक म्हणून.”

“पत्र सोमवारी येतं,” व्यवस्थापक म्हणाले.

“असं? म्हणजे अजून यायचंय?” साडूंच्या डोळ्यांत एक छोटीशी चमक येऊन गेली. “नाही, काही कंपन्यांत ऐनवेळी बदलतं म्हणून विचारलं.”

“आमच्याकडे नाही बदलत,” पत्नीने बजावले. तिने एव्हाना इमारतीतल्या सात घरांत बातमी पोचवली होती, मुलीच्या शाळेच्या फॉर्मवर वडिलांच्या पदाच्या रकान्यात खाडाखोड करून ‘उप’ खोडला होता, आणि ‘खाडाखोडीवर सही करा’ म्हणून नवऱ्याकडून सहीही घेतली होती. “काय हो?”

“नाही बदलत,” व्यवस्थापक म्हणाले. त्या दिवशी त्यांनी हे वाक्य आणखी चार जणांना सांगितले.

सोमवारी सकाळी नऊ वाजता ते कारखान्यात शिरले, तेव्हा त्यांच्या खोलीपुढे एक अनोळखी मिस्त्री उकिडवा बसला होता. शेजारी ताट, ताटात मऊ फडके, आणि फडक्यावर सोन्यासारखा झळाळणारा ‘उप’.

“जरा बाजूला व्हा, साहेब,” मिस्त्री म्हणाला. “तुमचा ‘उप’ बसवायचाय.”

“माझा काय?”

“हा हो. शुक्रवारी काढून नेला होता ना, पॉलिशला. बघा कसा निघालाय! काळा कोळसा झाला होता.” मिस्त्रीने तो उजेडात धरला. “वरच्या साहेबांचा मघाशीच लावला. त्या बाईंचंपण शेपूट लावून झालं. तुमचा शेवटचा.”

व्यवस्थापकांनी भिंतीला हात लावला. त्यांच्या डोळ्यांपुढून आई गेल्या, सात घरे गेली, शाळेचा फॉर्म गेला आणि सगळ्यांत शेवटी, चहा ढवळत, साडू गेले.

“पॉलिश,” ते म्हणाले.

“अस्सल. वर्षभर बघायला नको.” मिस्त्रीने एक स्क्रू भोकात धरला आणि पिळायला सुरुवात केली.

“मिस्त्री, थांबा! दहा मिनिटं थांबा.”

“एक स्क्रू बसला, साहेब. दुसरा राहिलाय.”

“मग एकावर राहू दे!” असे म्हणून ते जिन्याकडे धावले.

वरच्या दारावर ‘महाव्यवस्थापक’ पूर्ववत झळकत होता, आणि आवाजही पूर्ववत झाला होता. तो जिन्याच्या मधल्या वळणावरच ऐकू आला.

“ए! ये आत!” महाव्यवस्थापक उभे होते. त्यांच्या हातात शनिवारच्या पत्राची प्रत होती. “पॉलिश! तुला ठाऊक होतं?”

“आत्ता कळलं, साहेब.”

“मला आठला कळलं. आणि आठ वाजून पाच मिनिटांनी व्यापाऱ्याचा फोन! म्हणे, पत्रावर दोन व्यवस्थापक आहेत आणि महाव्यवस्थापक एकही नाही, कंपनी विकली काय? मी हे पत्र रद्द करतोय. काटे आजच्या आज रवाना—”

त्याच क्षणी टेबलावरचा फोन वाजला. महाव्यवस्थापकांनी उचलला आणि त्यांची पाठ आपोआप सरळ झाली.

पलीकडे मालकीणबाई होत्या. संस्थापकांच्या त्या थोरल्या कन्या. वय ऐंशीच्या पुढे, आवाज मात्र असा की फोन कानापासून वीतभर लांब धरूनही खोलीत सगळ्यांना ऐकू यावा.

“शनिवारचं पत्र आलंय माझ्याकडे. खाली दोन व्यवस्थापक आहेत. माझ्या कारखान्यात व्यवस्थापकाची जागा रिकामी आहे असं मी समजत होते. हे दोघं कोण?”

महाव्यवस्थापकांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. खरे सांगायचे, तर दारावरचा तुकडा पॉलिशला गेलेला पाहून आपण स्वतःला दोन दिवस पायउतार समजत होतो, आणि मालकीणबाईंनी तसे करण्याजोगे आपल्या हातून बरेच घडले आहे हे आपल्याला लगेच पटले होते, असे सांगावे लागणार होते. एवढे खरे सांगण्याचा त्यांना सराव नव्हता. त्यांची नजर समोर उभ्या असलेल्या माणसावर पडली.

“एक... एक आपले हेच. उपव्यवस्थापक. त्यांना आता वर घ्यावं असं सात महिने माझ्या मनात होतंच. शुक्रवारी घेतलं. आपल्याला आज कळवणारच होतो.”

व्यवस्थापकांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली.

“बरं. आणि दुसरा?”

“दुसरा मी. घाईत ‘महा’ लिहायचा राहिला.”

मालकीणबाई म्हणाल्या, “घाईत स्वतःचं पद लहान लिहिणारा माणूस मी आज प्रथम पाहिला. बाबा असते तर त्यांना आवडलं असतं. काटे खरंच चुकीचे होते?”

“पाच किलोला बारा ग्रॅम,” महाव्यवस्थापक म्हणाले.

“मग थांबवलेत ते योग्यच झालं. माझ्या बाबांचं नाव आहे त्या काट्यांवर. पण ही नोंद दोन महिन्यांपूर्वीची दिसतेय. शुक्रवारपर्यंत कोणाला थांबवावंसं का वाटलं नाही?”

याचे उत्तर खोलीतल्या दोघांनाही पक्के ठाऊक होते, आणि दोघांनीही ते दिले नाही.

“असो,” मालकीणबाई म्हणाल्या. “बढतीच्या पत्रावर मी आजच सही करते. पण मग उपव्यवस्थापक कोण आता? ती खुर्ची मला रिकामी नको.”

परीक्षण कक्षाच्या अधीक्षिका बाई केव्हाच्या दारात येऊन उभ्या होत्या. त्यांच्या हातात काट्यांची वही होती.

“ती खुर्ची मला चालेल,” त्या शांतपणे म्हणाल्या, आणि महाव्यवस्थापकांनी, आता एका खोट्यासोबत दुसरे जाईल तर जाऊ दे अशा चेहऱ्याने, तेच फोनमध्ये सांगितले. मालकीणबाईंनी ‘छान’ म्हणून फोन ठेवला.

जिना उतरताना व्यवस्थापकांनी बाईंना गाठले. “बाई, तुमच्याही दारावरचा तुकडा गेला होता म्हणे.”

“गेला होता की. शुक्रवारी पाचला कुलूप लावताना पाहिलं. तुमची डोकी गेली, मागे धड शब्द उरला. माझं शेपूट गेलं, तर मागे नुसतं ‘अधी’. अधी म्हणजे काय? काहीच नाही. म्हणून मी सरळ भांडारात जाऊन विचारलं. त्यांनी सांगितलं, पॉलिश.”

“म्हणजे शनिवारी, मी सही करत होतो तेव्हा, तुम्हाला माहीत होतं?”

“होतं.”

“मग बोलला का नाहीत?”

बाई एका पायरीवर थांबल्या. “बोलले असते तर तुम्ही पुन्हा ‘विचारार्थ सादर’ लिहिलं असतं. आणि काटे गेले असते.” त्या पुढे उतरू लागल्या. “शिवाय विचारलंत कुठे तुम्ही? आपल्याकडे ती पद्धत नाही.”

खाली मिस्त्री अजून तसाच बसला होता. एका स्क्रूवर ‘उप’ तिरपा लोंबत होता.

“काढा तो,” व्यवस्थापक म्हणाले.

“थांब म्हणता, एकावर राहू दे म्हणता, आता काढ म्हणता!” मिस्त्री कुरकुरला. “मग न्यायचा कुठे?”

“माझ्याबरोबर चला,” बाई म्हणाल्या. “नवीन पाटी ठोकावी लागेल, नुसती ‘व्यवस्था’. आणि पेटीतनं ‘पिका’ हे शेपूट पण लागेल.”

संध्याकाळी व्यवस्थापक घरी निघाले, तेव्हा मालकीणबाईंच्या सहीचे पत्र त्यांच्या आतल्या खिशात होते. वाटेत त्यांनी ते तीनदा काढून वाचले. या वेळी सगळे खरे होते. शाई, शिक्का, तारीख. घरात शिरताच, बूटही न काढता, त्यांनी दिवाणखान्याच्या मधोमध उभे राहून सांगितले,

“आई, मी व्यवस्थापक झालो!”

आई भाजी निवडत होत्या. पत्नी मुलीच्या वहीला कव्हर घालत होती. दोघींनी मान वर केली आणि एकमेकींकडे पाहिले.

“म्हणजे?” पत्नी म्हणाली.

“म्हणजे झालो. आज.”

“अरे, ते शुक्रवारीच नाही का झालं?” आई म्हणाल्या. “चार दिवस तेच तेच काय घेऊन बसायचं? लोक हसतील. आज काय झालं ते सांग.”

व्यवस्थापकांनी खिशातल्या पत्राला बाहेरूनच हात लावला.

“आज काही विशेष नाही,” ते म्हणाले.

“मग हातपाय धू आणि बस जेवायला,” आईंनी फर्मावले. “आणि पाणी आपलं आपण घे.”